मुरारच्या भिंतीवरचे मधुदादा

सुधाताई चिटणीस आणि मी ग्वाल्हेरच्या एकाच शाळेत अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. त्या चित्रकलेच्या, मी हिंदीची. परीक्षा जवळ आल्या की गणिताचे सर सगळ्यात आधी चित्रकलेचे तास मागून घेत, आणि सुधाताई देऊन टाकत. मात्र गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक, प्रदर्शनाचे तक्ते असं काही निघालं की सगळ्यांना त्यांचीच आठवण व्हायची. शाळा सुटल्यावर रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर कागद पसरून, गुडघ्यांवर बसून त्या रंगवत असायच्या. मी थांबले तर म्हणायच्या, "तू जा गं मंदा. तुझ्या घरी माणसं वाट बघत असतील."

त्यांच्या घरी एकच माणूस होता, थोरला भाऊ मधुकर. आम्ही सगळे त्यांना मधुदादा म्हणायचो. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, तोवर वय निघून गेलं. लष्कर भागातल्या दाना ओलीत मसाल्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, त्यात भावाबहिणीचं बिऱ्हाड. जिन्यातच हिंगाचा वास यायचा. मधुदादा सरकारी कचेरीत जुन्या फायलींच्या खोलीत कामाला होते. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांची उभं राहण्याची एक तऱ्हा होती. उजवा हात पाठीमागून नेऊन डाव्या हाताचं कोपर धरायचे, त्यामुळे डावा खांदा जरा उतरलेला दिसायचा. बसतानाही तसंच.

निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. दूध आणायला जायचे, घेऊन यायचे, आणि परत दूध आणायला निघायचे. मग बहिणीला "बाई" म्हणायला लागले. "बाई, आज भाजी चांगली झालीय," असं अगदी अदबीनं. सुधाताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि एकट्यानं बाहेर सोडू नका म्हणाले. सुधाताईंनी दाराला वर एक जास्तीची कडी बसवून घेतली.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी त्या आंघोळीला गेल्या आणि वरची कडी लावायची राहिली. दहा मिनिटांत बाहेर आल्या तर दार उघडं. खालच्या दुकानदारानं मधुदादांना बाड्याच्या चौकाकडे जाताना पाहिलं होतं. अंगात मरून स्वेटर, पायांत घरातल्या चपला. त्याला वाटलं, फिरायला निघालेत.

त्या दिवशी आम्ही बाडा, सराफा, नई सडक, स्टेशन सगळं पालथं घातलं. माझे यजमान स्कूटरवरून कंपूपर्यंत जाऊन आले. संध्याकाळी पोलीस थान्यात रिपोर्ट लिहिली. तिथला पोलीस भला होता. म्हणाला, फोटो द्या, पर्चे छापून घ्या, जागोजागी लावा. घरात फोटो होता तो निवृत्तीच्या कार्डावरचा. भरलेला चेहरा, मिशी, काळे केस. आताच्या मधुदादांशी त्याचा काही संबंध राहिला नव्हता. तरी तोच छापला. दोनशे पत्रकं आम्ही दोघींनी चिकटवली. चौथ्या दिवशी बघितलं तर निम्म्यांवर कोचिंग क्लासच्या आणि मूळव्याधीच्या इलाजाच्या जाहिराती चढल्या होत्या.

पडावच्या पुलाखाली अशाच एका झाकलेल्या पत्रकासमोर सुधाताई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढासा कागद. याच्यापुढे कोण थांबणार? मीसुद्धा थांबले नसते."

"मोठा छापून घेऊ या," मी म्हटलं.

"मोठा करून तोच फोटो ना? असा दिसत नाही गं तो."

पुढचे दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले, तर पुढच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला सरकवलेलं, आणि जमिनीवर खाकी कागदाच्या पट्ट्या जोडून केलेला, दारापासून खिडकीपर्यंत लांब कागद. त्यावर मधुदादा. पूर्ण उंचीचे, कोळशानं काढलेले, वर काळ्या रंगाचा पातळ हात मारलेला. खंगलेले गाल, पांढरी खुरटी दाढी, स्वेटरच्या गळ्याचा उसवलेला धागा. पाठीमागून कोपर धरलेला हात आणि उतरलेला खांदा. मी दारातच थबकले. खरंच सांगते, क्षणभर वाटलं की ते सापडले आणि जमिनीवर निजलेत.

"चेहरा तर दाढी वाढली की बदलतो," सुधाताई कात्री चालवत म्हणाल्या. "मुलांना मी हेच शिकवायचे. माणूस उभा कसा राहतो ते आधी बघा. लांबून आपण माणूस त्याच्यावरूनच ओळखतो."

आकृतीच्या कडेनं त्यांनी सगळा कागद कापून टाकला. छातीपाशी एक पांढरी चौकट सोडली होती, तिच्यात हिंदीत लिहिलं: "इन्हें देखा है? मधुकर चिटणीस। अपना नाम भूल जाते हैं।" खाली फोन नंबर.

चिकटवण्याची खळही त्यांनी घरीच केली. इथं सगळे तिला लेई म्हणतात. मैदा गार पाण्यात कालवायचा, उकळत्या पाण्यात सोडायचा, आणि चकचकीत होईपर्यंत ढवळत राहायचं. माझी आई पतंगांसाठी करायची तशीच, फक्त बादलीभर. जुने पोस्टर लावणारे त्यात मोरचूद घालतात, म्हणजे किडे लागत नाहीत. सुधाताईंनी घातला नाही. म्हणाल्या, "गाई चाटतात भिंती. कुणाच्या पोटात विष जायला नको."

पहिलं चित्र आम्ही बाड्याजवळ एका बंद शटरच्या बाजूच्या भिंतीवर लावलं. सकाळी सहा वाजता, कारण नंतर गर्दी आणि प्रश्न. धुकं होतं. आधी कोरड्या ब्रशनं भिंतीची धूळ झाडायची, मग भिंतीला खळ लावायची, वरच्या टोकापासून कागद खाली सोडत आणायचा, आणि मधून कडांकडे हात फिरवत हवा काढायची. वर पुन्हा खळेचा एक हात. हे सगळं त्या शिकत शिकत करत होत्या. पहिल्या चित्रात मधुदादांच्या पोटावर एक मोठा फुगा राहिला आणि त्या स्वतःवरच चिडल्या. मी बादली धरून उभी होते. बोटं थंडीनं वाकत नव्हती.

आठ वाजता लोक यायला लागले. एक दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "राम राम बाबूजी," आणि मग दचकला. दचकून पुढे येऊन त्यानं सगळं वाचलं. सुधाताईंनी माझ्याकडे बघितलं. "थांबला," एवढंच म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात त्यांनी तेवीस चित्रं केली. छापायची नाहीत, प्रत्येक हातानं. एकात मधुदादा पाठमोरे आणि मान वळवलेली, एकात चपला हातात धरलेले, एकात दुकानाच्या पाटीकडे बघताहेत. जिथं ते खरंच उभे राहिले असतील अशाच जागा त्या निवडायच्या. पानाच्या ठेल्याजवळ, स्टेशनबाहेर, हजिऱ्याच्या चौकात. बादली, ब्रश, गुंडाळी घेऊन आम्ही दोघी साठीच्या बायका टेम्पोत चढायचो. टेम्पोवाले आम्हाला भिंती रंगवणाऱ्या समजून विचारायचे, "अम्मा, पुताई करने जा रही हो?" सुरुवातीला मी समजावून सांगायची. नंतर नुसतं "हां भैया" म्हणायला लागले.

संकटं कागदाचीच जास्त होती. दहा दिवसांनी बाड्याचं चित्र बघायला गेलो तर गुडघ्यांपासून खाली मधुदादा नव्हते. मैद्याच्या वासानं गाईंनी पाय खाऊन टाकले होते. सुधाताई तिथंच पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पायच नेमके." त्यानंतर त्यांनी बरीच चित्रं बसलेली केली, ओट्यावर लावता येतील अशी. मग एका भागात स्वच्छता स्पर्धेच्या तपासणीसाठी भिंती रंगवायचं काम निघालं आणि ठेकेदाराच्या माणसांनी एका सकाळीत सहा चित्रं खरवडून काढली. त्यातला एक जण खरवडताना आम्हाला दिसला. सुधाताई त्याच्याजवळ गेल्या. तो म्हणाला, "ऊपर से आदेश है, माताजी।" त्या म्हणाल्या, "हो रे, तुझा काय दोष," मराठीतच, आणि त्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं चेहऱ्याचा भाग राहू दिला. दुपारी त्यावरूनही रंगाचा हात फिरला.

फोन यायचे. पहिल्या महिन्यात रोज पाच-सहा. कुणी म्हणायचं दतियाला देवळाबाहेर पाहिलं, कुणी म्हणायचं झाशीच्या प्लॅटफॉर्मवर. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. दतियाला एक वेगळेच म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सुधाताईंचा हात धरला आणि सोडेनात. त्यांच्याजवळ अर्धा तास बसून, त्यांना जेवायला घालून आम्ही परतलो. गाडीत सुधाताई खिडकीला डोकं टेकून म्हणाल्या, "मंदा, मी दमले गं." दुसऱ्या दिवशी सहाला त्या बादली घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या.

जानेवारीत आणखी एक झालं. शहराच्या गमतीजमती टाकणाऱ्या कुठल्याशा पानावर त्या चित्रांचे फोटो आले. 'ग्वालियर के कागज़ी बाबा' असं त्यावर लिहिलेलं. हजारो लोकांनी पाहिलं. माझ्या भाच्यानं मोठ्या कौतुकानं मला दाखवलं. मी फोटो मोठा करून बघितला तर छातीवरची चौकट कापलेली. नाव नाही, नंबर नाही. चित्र चांगलं दिसावं म्हणून कुणीतरी तेवढंच काढलं होतं.

त्यानंतर एक मुलगी दाना ओलीत शोधत आली. हर्षिता नाव, कला महाविद्यालयात शिकणारी. मी तिथंच होते. सुधाताई जमिनीवर बसून कागदाला कागद जोडत होत्या.

"मॅम, मी पण मराठीच आहे, मतलब आई मराठी आहे," ती म्हणाली. "तुमचं काम पाहिलं. इतनी ताकत है लाइन में! आमच्याकडे फेब्रुवारीत स्ट्रीट आर्टचा कार्यक्रम आहे. एक पूरी दीवार तुम्हाला देणार. प्लीज़ नाही म्हणू नका."

"त्यावर नंबर लिहिता येईल?" सुधाताईंनी विचारलं.

"नंबर?"

"फोनचा."

हर्षिता अडखळली. "मॅम, त्यानं कॉम्पोज़िशन थोडं… म्हणजे लोग उसको इश्तहार समझेंगे।"

"ती जाहिरातच आहे, बाळ," सुधाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "हे माझे भाऊ आहेत. दोन महिने झाले, घरी नाहीत."

ती मुलगी अशी काही पांढरी पडली की मलाच वाईट वाटलं. तिला खरंच माहीत नव्हतं. तिनं कापलेले फोटोच पाहिले होते. ती गेली, आणि त्या संध्याकाळी तिनं स्वतः फिरून काढलेले नवे फोटो नंबरासकट टाकले. ते फारशा लोकांनी पाहिले नाहीत. पण टाकले.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला, आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो. आधी गेलो नव्हतो, कारण मधुदादा कधी तिकडे जात नसत. लष्करातलं माणूस मुरारला कशाला जाईल, असं आम्हालाच वाटायचं. बाजाराच्या टोकाला एका बंद गोदामाची लांब भिंत होती, तिला लागून दगडी ओटा, आणि शेजारी चहाची टपरी. टपरीवाला दौलतसिंह, फौजेतून निवृत्त झालेला, जाड भुवयांचा. सुधाताईंनी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "चिपका दो बहनजी। बैठे रहेंगे, किसी का क्या लेते हैं।" त्यानं गाई हाकलायचंही कबूल केलं. आम्ही ओट्यावर बसलेले मधुदादा लावले. एव्हाना सुधाताईंचा हात बसला होता. एकही फुगा नाही, कडा भिंतीत मुरल्यासारख्या. जाड कागद, दोन हात खळ. उठताना त्यांनी उजवा खांदा दाबून धरला. तो दुखायला लागला होता, हे तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं.

फेब्रुवारी गेला. फोन कमी होत बंद झाले. मार्चमध्ये सुधाताईंनी नवं चित्र सुरू केलं आणि अर्धं सोडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याचे कान कसे होते ते आठवेना." मी म्हटलं, जुन्या चित्रावरून काढा. त्या म्हणाल्या, "तेही मी आठवूनच काढले होते."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी सपाट. "मुरारहून तो चहावाला बोलला. ये."

रिक्षात त्यांनी सगळं सांगितलं. दौलतसिंहच्या टपरीवर महिन्याभरापासून एक बाबा येत होता. डोकं भादरलेलं, छातीपर्यंत दाढी, अंगात कुणीतरी दिलेला फौजी कोट, उन्हाळ्यातही. पलीकडच्या देवळाच्या धर्मशाळेत राहायचा, तिथंच जेवायचा, अंगण झाडायचा. रोज येऊन तो ओट्यावर चित्राच्या शेजारी बसायचा. दौलतसिंह त्याला चहा द्यायचा, तर तो अर्धा पिऊन उरलेला चित्रासमोर ठेवायचा. दौलतसिंहला वाटलं, डोक्यानं कमी आहे बिचारा. छातीवरच्या चौकटीवर कुणीतरी शिकवणीचं पत्रक चिकटवलं होतं, त्यामुळे नंबर दिसत नव्हता. त्या सकाळी ऊन तिरकं पडलं होतं, आणि टपरीतून बघताना त्याला एकदम दिसलं की दोघंही सारखेच बसलेत. दोघांचाही हात पाठीमागे, दोघांचाही डावा खांदा खाली. त्यानं जाऊन वरचं पत्रक नखानं खरवडलं आणि नंबर लावला.

आम्ही पोचलो तेव्हा दौलतसिंह रस्त्यापर्यंत सामोरा आला. "शकल तो नहीं मिली बहनजी," तो म्हणाला, "बैठना मिल गया।"

मधुदादा ओट्यावर बसले होते. इतके वाळलेले की कोट त्यांच्या खांद्यांवर टांगल्यासारखा दिसत होता. सुधाताई धावल्या नाहीत. हळू चालत गेल्या आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. म्हणजे एकीकडे चित्र, मध्ये मधुदादा, आणि इकडे त्या.

"दादा," त्या म्हणाल्या.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला बाई. या गृहस्थांना त्रास होईल. बरेच दिवस बसलेत इथं. त्यांना न्यायला कुणी येत नाही."

सुधाताईंनी चित्राकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी आलेय ना."

"यांना न्यायला?"

"हो."

त्यांचा चेहरा एवढा मोकळा झाला! "बरं झालं. फार बरं झालं. मी रोज सांगत होतो त्यांना, येईल कुणीतरी."

"तुम्हीही चला आमच्याबरोबर."

"मी कशाला? मी इथलाच आहे." पुन्हा चित्राकडे बघून म्हणाले, "आधी यांना घ्या. हे पुढे निघाले तर मी येतो सोबतीला."

सुधाताईंनी मला खुणावलं आणि आम्ही चित्राची कड सोडवायला गेलो. ते हलेना. थंडीतली खळ उन्हाळ्यात वाळून दगड झाली होती. नखांनी ओढलं तर बाहीचा एक तुकडा फाटून हातात आला, आणि मधुदादा ताडकन उठले. "अहो काय करता! माणूस आहे तो!" त्यांचा आवाज चिरकला. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. ते धर्मशाळेकडे निघाले असते तर पुन्हा कसं आणलं असतं, कुणास ठाऊक.

दौलतसिंहनं डोकं चालवलं. चहाचं उकळतं पाणी एका डब्यात ओतून आणलं, एक फडकं आणि चपटं उलथणं. सुधाताईंनी फडकं भिजवून मधुदादांच्या, म्हणजे भिंतीवरच्या मधुदादांच्या, कपाळावर धरलं. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर धरावं तसंच दिसत होतं ते. "दुखणार नाही यांना," त्या म्हणाल्या. "बघा, गरम पाण्यानं सुटतं." मग उलथण्याच्या टोकानं कड उचलायची, पाणी लावायचं, थांबायचं, पुन्हा उचलायची. बोटं भाजत होती त्यांची. मधुदादा वाकून बघत होते.

"डोळा जपा," ते म्हणाले.

"जपते."

"कान राहिला."

"घेते हं कान."

असं तासभर चाललं. दौलतसिंहनं तीनदा पाणी आणून दिलं आणि गिऱ्हाइकांना हात हलवून परत पाठवलं. डोक्यापासून कमरेपर्यंतचा कागद तीन तुकड्यांत सुटला. खालचा भाग सुटायला तयार नव्हता आणि सुधाताईंचा खांदा वर उचलेना. मधुदादांनी भिंतीकडे बघितलं. "पाय?"

"पाय उद्या नेऊ," सुधाताई म्हणाल्या. "आज एवढं ठीक आहे."

मधुदादांनी मान हलवली. "ठीक आहे," म्हणाले, आणि रिक्षाकडे चालायला लागले.

लष्करापर्यंत ओला कागद आमच्या तिघांच्या मांड्यांवर पसरलेला होता, साड्यांना खळ लागत होती. धर्मशाळेच्या पुजाऱ्याला सांगून यायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन सांगून आले. त्यांनी विचारलं, "खाते-पीते घर के थे?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "झाड़ू बहुत साफ़ लगाते थे।"

आता लोकांना वाटतं, गोष्ट इथं संपली. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले, हर्षिता येऊन रडून गेली. पण मधुदादांनी बहिणीला ओळखलं नव्हतं, आणि पुढेही ओळखलं नाही. ते चित्र वाळवून खोलीत लावलं होतं. पहिले काही दिवस ते त्याच्याशी बोलायचे, आठवड्यात विसरले. मग स्वतःच्या हातानं जेवणं विसरले. सुधाताईंचा दिवस पाचला सुरू होतो. मधुदादांचं धुणं, आंघोळ, भरवणं, आणि ते कधी एकटेच उठायला जातील याकडे एक कान. सुधाताईंचा खांदा आखडलाय, हात डोक्याच्या वर जात नाही. केस मी विंचरून देते कधी कधी.

मी एकदा विचारलं, "सुधाताई, एवढं केलंत, आणि ते 'बाई'च म्हणतात. वाईट वाटतं का हो?"

त्या भाताची शितं बोटांनी मऊ करत होत्या. म्हणाल्या, "आधी वाटायचं. आता वेळ नाही."

लोक त्यांच्याकडे यायला लागले ते त्याच वर्षी. हरवलेल्या माणसांचे फोटो घेऊन. सुधाताई म्हणायच्या, "मला जमणार नाही, मी त्या माणसाला बघितलेलं नाही." तरी बसवून घ्यायच्या, आणि विचारायच्या, चालताना पाऊल कसं टाकायचे, चहाचा कप कसा धरायचे. घरच्यांना सांगता यायचं नाही. रोज बघितलेलं माणूस, पण सांगता यायचं नाही. मग एखादी बाई उठून चालून दाखवायची, तसं. आतापर्यंत त्यांनी चार चित्रं केली. एक मुलगा आग्र्याला सापडला, पण तो चित्रामुळे नाही, पोलिसांमुळे. बाकी तिघं नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर हजिऱ्याच्या उषाताई आल्या. नवरा कारखान्यातून सुटला आणि घरी आलाच नाही, सात महिने झाले. सुधाताईंनी सरळ नाही म्हटलं. हात दाखवला, किती उचलतो ते. उषाताईंनी वाद घातला नाही. फोटो पिशवीत ठेवला, पाणी प्यायल्या आणि जिना उतरून गेल्या. संध्याकाळी सुधाताईंचा मला फोन आला. "त्या बाईचा नंबर घेतलायस का?" मी घेतला होता. मला माहीत होतं.

ते चित्र करायला त्यांना दीड महिना लागला. उजव्या हाताला आधार म्हणून डावा हात खाली धरून त्या रेघ ओढायच्या. चिकटवायला त्या येऊ शकल्या नाहीत, मधुदादांना कुणाजवळ सोडणार? मी आणि उषाताई गेलो. मी स्टुलावर चढले, उषाताईंनी खळ लावली. हवा काढायला मला सुधाताईंसारखं येत नाही. बऱ्याच सुरकुत्या राहिल्या. उषाताई म्हणाल्या, "राहू द्या, त्यांच्या शर्टाला असायच्याच सुरकुत्या. मी इस्त्री करायची नाही." आणि तोंडावर पदर घेतला.

मी दर गुरुवारी दुपारी दाना ओलीत जाते. दोन ते चार मी मधुदादांजवळ बसते, तेवढ्यात सुधाताई आतल्या खोलीत झोपतात. चारला उठव, असं बजावून झोपतात, कारण मग दूध, मग औषध, मग त्यांना खुर्चीतून उठवून दोन पावलं चालवायचं. या गुरुवारी मी चारला आत गेले. त्या कुशीवर निजल्या होत्या, दुखरा हात उशीवर ठेवून. तोंड किंचित उघडं, आणि इतकी गाढ झोप की रस्त्यावरच्या हॉर्नचाही काही परिणाम नाही.

मी परत बाहेर येऊन मधुदादांना दूध पाजलं. औषध दिलं. साडेपाच वाजेपर्यंत मी सुधाताईंना उठवलं नाही.